सगळं वाळलंय, आता फोटो कशाचे काढायचे?

प्रश्न असा आहे: पुण्यात राहतो, गेल्या जूनमध्ये किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स) साधा कॅमेरा घेतला. पावसाळाभर ताम्हिणी, मुळशी आणि सप्टेंबरात कास असं फिरून झालं, फोटोही बरे आले. दिवाळी सरली आणि टेकड्या पिवळ्या पडल्या. आता जूनपर्यंत कॅमेरा कपाटात ठेवायचा का? की मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) किंवा मोठी टेलिलेन्स (लांबचं जवळ आणणारी) घेतली तर काहीतरी हाती लागेल?

कॅमेरा बाहेरच राहू द्या आणि लेन्सचे पैसे तूर्त खिशात. मीही हौशीच, पोटापाण्याचा उद्योग वेगळा. पण सह्याद्रीच्या या बाजूला बरीच वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडतोय. माझं मत विचाराल तर आपल्याकडचे खरे मजेदार फोटो डिसेंबर ते मे या काळातच मिळतात. पावसाळ्यात जिकडे कॅमेरा वळवाल तिकडे हिरवंच, त्यामुळे सगळ्यांचे फोटो एकमेकांच्या फोटोंसारखे दिसतात. धबधबा, ढग, छत्री, झालं. वाळक्या माळावर शोधावं लागतं, आणि जे सापडतं ते शोधायला आपण बहुधा निघालेलोच नसतो.

एक अट मात्र आहे. घरापासून दुचाकीवर पंधरा-वीस मिनिटांत गाठता येईल अशी एकच जागा धरा: वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलावाचा काठ, तुम्हाला सोयीची असेल ती. तिथे आठवड्यातून एकदा तरी जा, काही मिळालं नाही तरी जा. कुठल्या वळणावर काय असतं हे पाठ झालं, की नवीन आलेली गोष्ट आपोआप डोळ्यांत भरते. दीडशे किलोमीटर गाडी हाणून गेलेला माणूस त्या दिवशी जे समोर येईल तेवढंच टिपतो आणि त्यातही निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात घालवतो.

आता उजेडाचं गणित. पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर येतं. २१ डिसेंबरच्या सुमाराला इथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे ऊन दिवसभर तिरपं, दगडाच्या प्रत्येक खाचेला सावली, झाडाच्या सालीचा पोत उठून दिसणारा. थंडीत सकाळी दहाला काढलेला फोटोही चालून जातो. मेच्या मध्यावर हाच सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो आपला शून्य सावलीचा दिवस. तेव्हा आठ वाजल्यानंतरचं सगळं सपाट आणि पांढुरकं. शिवाय मेमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि जानेवारीत सातनंतर. उशिरा उठणाऱ्यांनी हिवाळ्याचे उपकार मानावेत.

हिवाळ्यात सुरुवात गवतापासून करा. आपल्या टेकड्यांवर पुष्कळ ठिकाणी कुसळी गवत असतं, पँटला आणि मोज्यांना चिकटून घरापर्यंत येतं तेच. सूर्य उगवल्यावर लगेच, गवत तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे बसा. उभे राहू नका, बसाच, जमलं तर आडवे व्हा. मागे सावलीतली डोंगरउताराची बाजू किंवा गर्द झाडी येईल असा कोन शोधा. थेट ऊन लेन्सवर येत असेल तर डाव्या हाताचा आडोसा करा. एवढं केलं की जे कालपर्यंत चारा वाटत होतं त्याच्या प्रत्येक कुसळाला सोनेरी कड येते, आणि दव पडलं असेल तर तिच्यावर थेंबांची रांग.

तिथून आणखी जवळ जा. या गवताची कुसळं टोकाशी एकमेकांत गुंतून पीळ बसलेली असतात. त्यातलं एक सुटं करा, दगडावर ठेवा आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्याच्यावर सोडा. थोडा वेळ काहीच होत नाही. मग पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ स्वतःभोवती फिरू लागतं, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दवाने ओलं व्हायचं, उन्हाने वाळायचं, आणि या फिरण्याच्या जोरावर टोकाचं बी मातीत घुसवायचं, अशी या गवताची पेरणी चालते. याचा व्हिडिओ किट लेन्सवर, कॅमेरा दगडाला टेकवून, सहज निघतो. मोबाइलवरही निघतो.

थंडीतल्या पक्ष्यांबद्दल दोनच शब्द. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला जरूर जा, पण किट लेन्सने त्यांचे डोळे टिपण्याचा हट्ट धरू नका. धुकं, पाणी, होडी आणि दूरवर गुलाबी रेघ, एवढाच फोटो करा. पक्षी लहान आला म्हणून फोटो वाईट ठरत नाही.

जानेवारीच्या अखेरीला काटेसावर फुलायला लागते, पाठोपाठ पळस आणि पांगारा. इथे एक अडचण हमखास येते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फूल झकास दिसतं आणि घरी मोठं करून पाहिलं तर पाकळीचा पत्ताच नाही, नुसता केशरी डाग. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळ्या चॅनलमध्ये नोंदतो; त्यातला लाल रंगाचा चॅनल बाकी दोघांच्या कितीतरी आधी भरून गेलेला असतो आणि साध्या हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, ते कळत नाही. आरजीबी हिस्टोग्राम (तिन्ही रंगांचे वेगळे आलेख) चालू करा, एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. मग दिसेल की पळसाच्या पाकळीवर बारीक रेशमी लव असते आणि देठाशी असलेली वाटी काळपट हिरवी, मखमलीसारखी. पळसाचा रंग त्या काळ्या वाटीमुळे इतका पेटलेला वाटतो. नुसतं केशरी टिपलंत तर अर्धा पळस हातचा गेला.

फुललेल्या पळसाखाली गेल्यावर पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत बसू नका. एक फांदी निवडा, जिच्यामागे मोकळं आकाश नसून लांबचा डोंगर येतो अशी, फोकस लावा आणि थांबा. भोरड्या, म्हणजे पळसमैना, टोळीने येतात, गलका करतात, उडतात, पुन्हा त्याच झाडावर येतात. एप्रिलच्या सुमाराला त्या परत जातात, तेवढ्या वेळात साधून घ्या. जांभळा शिंजीर याच दिवसांत पाहण्यासारखा. विणीचा हंगाम नसताना नर मळकट, पोटावर एक काळी रेघ एवढाच असतो. उन्हाळा जवळ आला की अंगभर निळा-जांभळा. पण हा रंग पिसाच्या रचनेतून उजेड परतल्यामुळे दिसतो, म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी हवा. त्याच पक्ष्याला दुसऱ्या बाजूने पाहिलंत तर तो साफ काळा.

मार्चमध्ये बहुतेक लोक फुलं शोधतात आणि पानांकडे पाहत नाहीत. मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला या दिवसांत लांबून एखादं झाड लालभडक दिसतं. फुललंय म्हणून जवळ जावं तर फूल एकही नाही, ती कुसुंबाची नवी पालवी असते. पिंपळाची पालवी तांबूस, कुसुंबाची रक्तासारखी. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं तयार व्हायच्या आधी अँथोसायनिन हे रंगद्रव्य भरलेलं असतं, त्याने कोवळ्या पानाचा कडक उन्हापासून बचाव होतो. काही दिवसांत पान पोपटी होतं आणि खेळ संपतो. हे फोटो उन्हाविरुद्ध काढा, पानाच्या मागून उजेड येऊ द्या. समोरून ऊन असेल तर पालवी वाळक्या पानासारखी तपकिरी येते.

पुण्याच्या टेकड्यांवर साधारण याच वेळी गिरिपुष्पाचा गुलाबी बहर असतो. दिसतो देखणा, फोटोही सुरेख येतो. पण हे झाड बाहेरून आणून लावलेलं आहे आणि त्याच्या दाटीखाली आपल्याकडचं फारसं काही उगवत नाही. फोटो काढू नका असं म्हणत नाही, मीही काढतो. ‘सह्याद्रीचं वैभव’ असं त्याच्याखाली लिहू नका, एवढंच. सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्याकडेला पिवळ्या-केशरी फुलांचे गालिचे दिसतात तो कॉसमॉसही बाहेरचाच. त्याला सोनकी, म्हणजे आपल्याकडचं पिवळं रानफूल, समजून फोटो टाकणारे दर वर्षी भेटतात.

भर उन्हाळ्यातलं माझं आवडतं झाड कांडोळ. कोरड्या, खडकाळ उतारावर पानं गाळून उभं असतं. खोड पांढरट, त्यावर गुलाबी आणि हिरवट झाक, आणि कागदासारखे पापुद्रे सुटलेले. दुपारी ते पाहून कुणी थांबणार नाही. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी बघा. आकाश गडद निळं होतं, बाकीची झाडं काळी पडतात आणि कांडोळ एकटं उजळ राहतं. कॅमेरा दगडावर टेकवून दोन-तीन सेकंदांचा शटर, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ २००. पौर्णिमा गाठली तर आणखी मजा. दिवसा गेलात तर पापुद्र्यांकडे लक्ष द्या: सुटलेल्या पापुद्र्याच्या मागे ऊन आलं की तो तांबूस, अर्धपारदर्शक होतो. वैशाखाच्या आसपास फांद्यांच्या टोकांना पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखी लाल फळं असतात, त्यांच्यावर लव असते. हात लावू नका, ती टोचते आणि बराच वेळ चुरचुरते.

एक सहल करायचीच असेल तर एप्रिल-मेमध्ये साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जा. कास नाही, चाळकेवाडी. पवनचक्क्यांचा माळ, करपलेलं गवत, दगड, आणि त्या दगडांवर चढून बसलेले सरडे. एरवी मातकट दिसणारा नर विणीच्या दिवसांत गळ्याखालची घडी उघडतो आणि तिच्यात निळा, काळा आणि केशरी असे तीन रंग एकदम दिसतात. शास्त्राला ही जात स्वतंत्र म्हणून माहीत झाली ती थेट २०१६ मध्ये, सरडा सुपर्बा या नावाने. सहलीला जाणारे लोक त्या माळावरून वर्षानुवर्षं गाड्या हाकत होते!

तिथली आणखी एक गोष्ट फोटो काढणाऱ्याला उपयोगी पडते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये या पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी बरेच कमी आढळतात, त्यामुळे तिथे सरड्यांची संख्या जास्त, ते कमी घाबरतात आणि माणसाला जास्त जवळ येऊ देतात. मात्र दाटीमुळे त्यांची तब्येत उतरलेली आणि रंगही फिके. तेव्हा जवळून फोटो हवा तर पवनचक्क्यांच्या बाजूला, रंग हवा तर त्यांच्यापासून दूर. सकाळी लवकर पोहोचा. गाडीतूनच काढा, खिडकीच्या काचेवर धान्याची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. गाडीला ते बिचकत नाहीत, उतरलेल्या माणसाला बिचकतात. आणि हो, गाडी रस्त्यावरच ठेवा. माळावर घातलीत तर ज्याचा फोटो काढायला आलात त्याचीच अंडी चाकाखाली जातील.

मेच्या अखेरीला काजव्यांचा हंगाम सुरू होतो. भंडारदरा, राजमाची ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. त्यावर मी फार लिहीत नाही, कारण शनिवारी रात्री तिथे काजव्यांपेक्षा टॉर्च जास्त चमकत असतात. काजव्यांचं लुकलुकणं हे नर-मादीचं बोलणं आहे, आपल्या उजेडाने ते तुटतं. जायचंच झालं तर मधल्या वारी जा आणि टॉर्चवर लाल कागद बांधा.

पावसाळ्याबद्दल तुम्हाला बरंचसं माहीत झालंय, म्हणून फक्त राहून गेलेलं सांगतो. मृगाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर ओल्या मातीवर मखमली लाल किडे फिरताना दिसतात, तांदळाच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे. थोडेच दिवस असतात. पळसासाठी सांगितलेली लाल चॅनलची युक्ती इथेही लागते. दुसरं, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गेलात की फुलांचा गालिचा टिपून परत फिरू नका. जांभ्याच्या खळग्यात जिथे पाणी साचून राहतं तिथे गेंदाच्या पांढऱ्या गोळ्या आणि त्यांच्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं असतात. हे नाजूक फूल कीटकभक्षी वनस्पतीचं आहे. तिचे सापळे म्हणजे बारीक फुगे, जमिनीखालच्या ओलीत लपलेले. शेजारीच गवती दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती असेल तर त्याच्या पानांवरच्या चिकट थेंबांत अडकलेलं चिलट शोधा. निळं फूल कॅमेऱ्यात जांभळं येत असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून काढून स्वतः थोडा निळ्या बाजूला न्या.

सड्यावर वारा थांबत नाही. फूल हलतं म्हणून वैतागण्यापेक्षा आयएसओ १६०० करा, शटर १/५०० करा आणि ओळीने सात-आठ फोटो घ्या, एखादा स्थिर निघतोच. सोबत फिकट रंगाची छत्री असू द्या. ती वाऱ्याचा आडोसा होते आणि मधूनच ऊन पडलं तर ते मऊही करते. पाय उघड्या जांभ्यावरच टेकवा. चांगल्या कोनासाठी आत चार पावलं टाकलीत की मागून येणारे चाळीसजण त्याच पायवाटेने आत शिरतात.

मग ऑक्टोबर. लोक उकाड्याला शिव्या देत घरी बसतात. या महिन्यात पहाटे टेकडीवर जाऊन चतुर शोधा. थंड रक्ताचे कीटक, अंग तापल्याशिवाय उडता येत नाही, त्यामुळे दवाने भिजून काडीला लटकलेले असतात आणि तुम्ही अगदी जवळ गेलात तरी हलत नाहीत. वाँडरिंग ग्लायडर म्हणतात त्या पिवळसर चतुरांचे थवे सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी मैदानावरही घिरट्या घालतात. ही जात हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाते. डोक्यावर फिरणाऱ्या त्या किड्याकडे हे ठाऊक असताना आणि नसताना पाहण्यात फरक पडतो, आणि फोटोतही तो उतरतो असं मला वाटतं. याच महिन्यात झुडपांमध्ये सिग्नेचर स्पायडर या कोळ्याची जाळी असतात, मध्यभागी नागमोडी पांढरी शिवण घातलेली. जाळ्यावर पाणी फवारून दव दाखवण्याची पद्धत मला पसंत नाही. खरं दव पहाटे पडतंच.

काही गोष्टींना माझी ठाम हरकत आहे. घरट्याचा फोटो काढू नका, फांद्या बाजूला करून तर नाहीच. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. दुर्मीळ आमरी (ऑर्किड) किंवा कंदीलपुष्प सापडलं तर जागा जाहीर करू नका, फोटोत जीपीएसची नोंद राहिली असेल तर ती आधी काढून टाका. तालुका लिहिला तरी पुरतो. उलट साध्या झाडांची नोंद मात्र मनसोक्त करा. तुमच्या रस्त्यावरचा बहावा यंदा कधी फुलला, पिंपळाला पालवी कधी आली, हे तारखेसह ‘सीझनवॉच’सारख्या उपक्रमात नोंदवता येतं. त्यासाठी फोटो सुंदर असण्याची गरज नसते.

राहिला लेन्सचा प्रश्न. वर सांगितलेल्यांपैकी भोरड्या, शिंजीर आणि सरडा सोडले तर बाकी सगळं किट लेन्सवर होतं. अगदीच चैन पडत नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, जिच्यामुळे आणखी जवळून फोकस होतो) घ्या, मॅक्रो लेन्सच्या मानाने किंमत किरकोळ. फक्त इलेक्ट्रॉनिक संपर्क असलेली घ्या, नाहीतर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहानमोठं करता येणार नाही. पावसाळ्याआधी हवाबंद डबा आणि सिलिका जेलही घेऊन ठेवा, लेन्सला बुरशी लागली की ट्यूबच्या कितीतरी पट खर्च बसतो.

मोठी खरेदी पुढच्या दिवाळीत ठरवा. वर्षभरात तुम्ही स्वतः जपून ठेवलेले फोटो उघडा आणि प्रत्येकाची फोकल लांबी बघा, ती फाइलमध्ये नोंदलेली असते. बहुतेक ५५ मिमीवर, म्हणजे किट लेन्सच्या लांबच्या टोकाला, आणि लेन्सला जमेल तितक्या जवळून काढलेले असतील, तर मॅक्रो. बहुतेक ५५ वरचे, पण नंतर कातरून मोठे केलेले असतील, तर ७०-३०० ची टेलिलेन्स. आणि बरेचसे १८ ते २४ च्या दरम्यान, म्हणजे रुंद दृश्याच्या टोकाला, निघाले, तर तुम्हाला दोन्हींची गरज नाही. ते पैसे एका दणकट ट्रायपॉडवर घाला.